मैनेचं पहिलं वेत

मैना ग्रेट डेन जातीची कुत्री. रत्नदीपनं तिला पिशवीत घालून आणली तेव्हा जुळे सोलापुरातल्या त्या छोट्या घरात कुणाला वाटलंही नव्हतं, की हे पिल्लू पुढे ओट्यावरचं पातेलं उभ्याउभ्या हुंगेल. रत्नदीप कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये नोकरीला. सकाळच्या गाडीनं जायचा, दिवेलागणीला परतायचा. त्यामुळे मैनेचं सगळं धम्मप्रियाच्याच गळ्यात पडलं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. मैनेला पिल्लं व्हावीत ही हौस नवऱ्याची. ती उन्हाळ्याच्या सुटीत झाली, एवढंच धम्मप्रियाचं नशीब.

आठ झाली. पण मैना पहिलटकरीण, आणि आपल्या अंगाचा तिला अंदाजच नव्हता. ती धपकन बसायची आणि खालून चिरका आवाज यायचा. एक पिल्लू पहिल्याच दोन दिवसांत तिच्या पाठीखाली चेंगरून गेलं. धम्मप्रियानं ते ओढून काढलं तेव्हा ते कोमट होतं. मैना तिच्या हातातल्या त्या गोळ्याला चाटत राहिली, उठ म्हणून नाकानं ढकलत राहिली. मग रत्नदीपनं मैनेला व्यायला केलेल्या लाकडी पेटीच्या आतून चारी बाजूंनी फळ्यांचा कठडा ठोकला, म्हणजे आई बसली तरी पिल्लांना भिंतीलगत सरकायला जागा राहील. तरी धम्मप्रियाचा धीर होईना. तिनं पेटीशेजारीच चटई टाकली. मैना उठली की ही उठायची. ती बसताना एकेक पिल्लू बाजूला घ्यायची. सोलापूरचं ऊन भिंतीतून आत येत होतं. कूलरचं पाणी गरम व्हायचं, पंखा नुसती झळ फिरवायचा.

सुरुवातीला धम्मप्रियाला पिल्लांच्या वासाची शिसारी यायची. पण डोळे उघडल्यावर सातही जणं तिच्या साडीच्या निऱ्यांना लोंबकळायला लागली. ताटात नाचणीची पेज ओतली की पुढचे दोन्ही पाय घालून उभी राहायची. ती शाळेतल्या पोरांवर ओरडावं तशी त्यांच्यावर ओरडायची आणि मग एकटीच हसायची.

जनावरांच्या डॉक्टर ज्ञानदांनी बजावून सांगितलं होतं, "लस पूर्ण होईपर्यंत बाहेरचं कुणी जवळ येऊ देऊ नका. ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांना तर मुळीच नाही." पहिली लस पुढच्याच आठवड्यात होती.

त्या रविवारी रत्नदीपचा वर्कशॉपमधला मित्र अवधूत लेकीला घेऊन दारात उभा राहिला.

"वहिनी, एक मिनिट बघतो की. पोरगी हटूनच बसलीय."

"भाऊजी, डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलंय. तुमच्याकडे कुत्रं आहे ना?"

"होतं. मोडनिंबला भावाच्या शेतावर पाठवलं."

पोरीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, बापाकडं बघितलं आणि मान खाली घातली. धम्मप्रियानं ते पाहिलं. ती दारातून हलली नाही. तेवढ्यात मागून रत्नदीप हसत आला. "अगं, अवधूत काय परका आहे? दवाखाना उघडलाय का आपण? ये रे आत."

ती बाजूला झाली. दोघांना साबणानं हात धुवायला लावले, तेवढंच. पोरगी फरशीवर बसली आणि सातही पिल्लं तिच्या फ्रॉकला झोंबली.

आठवडा सरता सरता, लसीच्या आदल्याच दिवशी, एका पिल्लानं पेजेकडे पाठ फिरवली. दुपारी ओकलं. संध्याकाळी रक्ताची हगवण लागली आणि घरभर असा कुबट वास सुटला, की डॉक्टर ज्ञानदांना उंबऱ्यातच कळलं.

"पार्वो आहे, कुत्र्यांचा साथीचा रोग," त्या म्हणाल्या. "आईला वेगळं करा. वाचतील याची खात्री देत नाही."

मैनेला मागच्या खोलीत कोंडलं. ती दार ओरबाडायची. पुढच्या खोलीत सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजाला टांगल्या होत्या. धम्मप्रिया पिल्लांची तोंडं पुसायची, खालचे कागद बदलायची, फरशी ब्लीचनं धुवायची. हाताची सालं निघाली. पिल्लं मरताना ओरडत नसत. एखादं पेंगता पेंगता मान टाकी, आणि तिला ते हात लावल्यावरच कळे. रत्नदीपनं रजा टाकली. मागच्या मोकळ्या जागेत कडक मुरूम होता. तो पहार घेऊन खणायचा, चुना पसरायचा, घरात यायचा, आणि पुन्हा पहार घेऊन बाहेर जायचा.

शेवटी त्यानं अवधूतला फोन लावला. धम्मप्रिया शेजारीच होती.

"खरं सांग. तुझं कुत्रं कुठाय?"

 अवधूत म्हणाला, "मेलं रे. असंच, रक्त जाऊन. पोरगी जेवत नव्हती. तुमची पिल्लं बघितली की सावरेल वाटलं. खरं सांगितलं असतं तर वहिनींनी दारातूनच परत पाठवलं असतं."

"बरोबरच केलं असतं तिनं," रत्नदीप म्हणाला आणि फोन ठेवला. मग तो बायकोकडे वळला. "तू बोल काहीतरी. शिव्या दे."

"मी त्या पोरीचं तोंड बघितलं होतं," ती म्हणाली. "मला कळलं होतं. तू हसलास म्हणून मी वाट सोडली." एवढं बोलून ती उरलेल्या पिल्लांपाशी जाऊन बसली.

एकच वाचली. हाडं वर आलेली मादी. चार घास पोटात ठरायला लागल्यावर डॉक्टर म्हणाल्या, आता आईजवळ न्यायला हरकत नाही.

धम्मप्रिया तिला पदरात घेऊन मागच्या खोलीत गेली. मैना ताडकन उठली, शेपूट भिंतीवर आपटायला लागली. पिल्लू खाली ठेवलं. मैनेनं ते हुंगलं. औषधाचा, ब्लीचचा वास. तिची शेपूट थांबली. ओठ वर गेले आणि छातीतून खोल गुरगुर आली.

"मैना, तुझंच आहे गं," धम्मप्रिया म्हणाली.

पिल्लू लटपटत दुधाकडे निघालं. मैनेनं जबडा उघडला. धम्मप्रियानं झडप घालून पिल्लू उचललं. दात तिच्या मनगटात रुतले. मैना लगेच मागे सरली, कोपऱ्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

रत्नदीप धावत आला. त्यानं रक्त बघितलं. "सुई घ्यायला जाऊ. चल."

"जाऊ," ती म्हणाली, पण उठली नाही. मांडीवरचं पिल्लू तिच्या मनगटावरचं रक्त चाटत होतं, आणि ती त्याला चाटू देत होती.