मधली चाकं

“वळताना हिसके देतोय गं तुझा रोबो,” बाबा दारातूनच म्हणाले.

बारकीने मान वर केली नाही. शाळेच्या संघाने स्पर्धेच्या रोबोची चौकट तिच्यावर सोपवली होती. चार चाकं, दोन मोटारी आणि पट्ट्या जोडून केलेली चौकट फरशीवर फिरवत ती बैठकीच्या खोलीत ठाण मांडून बसली होती.

“माहितेय. का ते शोधतेय.”

“त्यात शोधायचं काय? चाकं घासताहेत. सरक जरा.”

“बाबा, मला बघू दे ना!”

बाबा पंपांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. साहेबांच्या कच्च्या रेघा पक्क्या करण्यात हयात गेली. स्वतःच्या डोक्यातलं काही काढून दाखवलं, तर “छान आहे, ठेवून द्या” एवढंच कानावर पडायचं. इथे कुणी साहेब नव्हता.

दुसऱ्या दिवशी बारकी शाळेत गेली आणि बाबांनी रजा टाकली. तिची चौकट खोलली आणि सहा चाकांची नवी बांधली; मधली दोन किंचित खाली. ती घरी आली तेव्हा रोबो फरशीवर भोवऱ्यासारखा गरगरत होता आणि बाबा लहान मुलासारखे हसत होते.

“माझी चौकट कुठेय?”

“अगं, हीच तुझी! आता नंबर कुठे जात नाही.”

“तिला विचारलंत का?” आई म्हणाली.

“चांगलं करायला कुणी विचारत बसतं होय?”

स्पर्धेत रोबोने एकामागून एक फेऱ्या जिंकल्या. मग परीक्षक बाईंनी बारकीला टेबलाशी बोलावलं. “मधली चाकं खाली का?”

बाबांनी तिच्याकडून उत्तर घोकून घेतलं होतं. “एका वेळी चारच चाकं जमिनीला टेकतात. मग वळताना टोकाची घासत नाहीत,” तिने धडाधड सांगून टाकलं. खुर्च्यांच्या रांगेत बाबांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

“छान! आणि हे तुला सुचलं कसं?”

बारकी रोबोकडे बघत राहिली.

“नाही सुचलं. मी शोधत होते. तेवढ्यात बाबांनी करून टाकलं.”

काम विद्यार्थ्यांचंच हवं, असा नियम होता. संघ बाद झाला. पोरांनी सामान गोळा केलं. तिच्याकडे पाठ फिरवून सगळी निघून गेली.

“हरिश्चंद्राचा अवतार!” परतताना बाबा धुमसत होते. “सगळी मेहनत मातीत घातलीस.”

“कुणाची?” बारकीने विचारलं.

बाबा झपाझप पुढे चालू लागले.

आईने दार उघडलं. “काय झालं गं?”

“बाबा बाद झाले,” म्हणत बारकी आत निघून गेली.

बाबा उंबऱ्याशी बूट काढायला बसले. नाडीला गाठ बसली होती. ओढतील तशी ती आणखी घट्ट होत गेली. न राहवून आई खाली वाकली.

“हात लावू नकोस,” ते म्हणाले. “माझी मी सोडवतो.”