गरोदरपणं : शून्य

टोस्टवर लोणी, लोण्यावर बडीशेपेच्या गुलाबी-पांढऱ्या गोळ्या. लायडनमध्ये कुणाकडे मूल झालं की हेच वाटतात.

मोहरीएवढ्या खळग्यांची ताटली. प्रत्येकात एक थेंब. मेलेली पेशी निळी दिसते.

बर्फाच्या पेटीत मागच्या वर्षीची एक नळी.

एक बाई गोळ्यांची बशी न घेताच पुढे सरकवते. दर वेळी.

बायकोचा फॉर्म नवऱ्यानं भरायचा नसतो. पण पेशींवरच्या खुणा वाचण्यात वाउटची अकरा वर्षं गेली होती. प्रयोगशाळेत त्याला कोण अडवणार?

"रक्त चढवलं? नाही. गरोदरपणं?" त्यानं विचारलं आणि स्वतःच शून्य काढलं. "हे तर मलाच ठाऊक."

दिनी कोट न काढता बसली होती. शाई वाळेपर्यंत ती त्या शून्याकडे बघत राहिली.

तिचा भाऊ खेर्ट बाही वर सारत म्हणाला, "बघ हं दिने, तुला मिळणारं माझं मूत्रपिंड बिअरवर पोसलंय. रविवारी फुटबॉलसाठी जीव कासावीस झाला तर मला बोल लावू नकोस."

"आधी जुळू तर दे," दिनी म्हणाली.

जुळलं, निम्मं. आईकडच्या खुणा सारख्या, बापाकडच्या वेगळ्या. त्या वेगळ्या खुणांवर दिनीचं रक्त तुटून पडतं का, एवढंच बघायचं होतं. वाउटनं तिच्या ताज्या रक्तातला द्रव खेर्टच्या पेशींवर सोडला. एकही निळी नाही.

"तिच्या मागच्या वर्षीच्या रक्ताची नळीही लाव की," शेजारच्या टेबलावरून बेप म्हणाली. ती तिथली सर्वांत जुनी. "बाळंत झालेल्यांची आपण लावतोच. पोटातल्या पोरात बापाच्या खुणा असतात. आईचं रक्त त्यांच्याशी भांडायला शिकतं, मग काही वर्षांनी वरवर विसरतं."

"बाळंत झालेल्यांची ना? आमच्याकडे पाळणा कुठे हललाय, बेप?"

बेप ओशाळली. नळी पेटीतच राहिली.

बुधवारी जेवताना दिनीनं दोनदा पाणी बदलून उकडलेले आपले पथ्याचे बेचव बटाटे काट्यानं कुस्करले.

"रक्त खरंच विसरतं का रे?"

"नळीत विसरल्यासारखं दिसतं. अंगात नाही. अनोळखी खूण दुसऱ्यांदा भेटली, मग ती कुणाच्याही अंगातली असो, की तीन-चार दिवसांत चालून येतं."

"मग मूत्रपिंड?"

"काळं पडतं. पण तुझ्या रक्ताला कोण भेटलंय, घाबरट?"

"वाउट, एक..."

"दहा वर्षं संसार केलाय. तुझं मला काय ठाऊक नाही?" तिचा हात थोपटून तो कॉफी टाकायला उठला.

परत आला तेव्हा तिनं बशा गोळा केल्या होत्या.

गुरुवारी शस्त्रक्रिया झाली. शुक्रवारी चाकाच्या खुर्चीतून आलेला खेर्ट तिच्या पलंगाखालची लघवीनं भरलेली पिशवी बघून ओरडला, "अगं, कालवा फोडलास की!" दिनी हसली नाही. तिनं वाउटला विचारलं, "आज कितवा दिवस?"

रविवारी ताप चढला, लघवी आटली. सोमवारी सर्जननं मूत्रपिंड काढलं. काळंनिळं.

मंगळवारी वाउटनं जुनी नळी खेर्टच्या पेशींवर लावली. सगळे खळगे निळे. बेप मागे उभी होती. त्यानं फॉर्म काढला. अक्षर त्याचंच होतं.

३ मार्च १९६१ रोजी, लग्नाआधी, ब्राबांटमधल्या नन्सच्या आश्रमात दिनीला मुलगी झाली; वजन तीन किलो शंभर ग्रॅम.