उजवा पाय मागं

"चष्मेवाले, खाली काय शोधताय? पायांना चष्मा लागत नाही!"

नाच शिकवणाऱ्या बाई ओरडल्या आणि त्यानं दचकून मान वर केली. जन्मभर चष्म्याच्या काचा घासून ती मान वाकली होती, तिचा तरी काय दोष? टायरच्या दुकानावरचा तो हॉल खिडकीकडं किंचित उतरता होता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथलं अंगण खरोखरच वाकडं होतं. तसं त्यानं बाईंना सांगूनही पाहिलं, तर त्या म्हणाल्या, "मग उताराच्या दिशेनं नाचा."

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते एका लग्नाच्या पार्टीत. जोड्या नाचत होत्या, बायको खुर्चीत बसून बघत होती आणि खुर्चीखाली तिचा पाय ताल धरत होता. त्याला भरून आलं. बिचारी! नर्सची नोकरी, रात्रपाळ्या, पेशंट उचलून उचलून कंबर गेली, आणि नाचायला हिला कुणी नेलंच नाही. आधी आपण शिकायचं, मग तिला शिकवायचं, असं त्यानं ठरवलं. घरी सांगितलं, दुकानात काम तुंबलंय. वॉल्ट्झमध्ये त्याला घेरी आली, फॉक्सट्रॉटमध्ये तो रस्ता चुकला, टँगोत बाई म्हणाल्या, "अहो, चोरपावलांनी काय येताय? छाती पुढं काढा!" पण गडी मागं हटला नाही. शेवटी बाईच म्हणाल्या, "आता घेऊन या सिस्टरना." गल्लीत सगळे तिला सिस्टरच म्हणत.

"कुठं नेताय ते तरी सांगा," जिन्यात ती कुरकुरत होती. "पायऱ्या लोकांच्या असल्या तरी गुडघे माझे आहेत."

दारातच वॉल्ट्झ कानावर पडला आणि ती थबकली. तिचा चेहरा एकदम उतरला. त्याला वाटलं, लाजली.

"घाबरू नकोस," तो ऐटीत म्हणाला, "मी शिकवतो."

त्यानं उजवा हात तिच्या पाठीवर ठेवला, तर तिचाही उजवा हात त्याच्या पाठीवर आला. डावे पाय दोघांनी एकदमच पुढं टाकले. गुडघ्यावर गुडघा आपटला.

"अगं, तू मागं जायचंस!"

"हो हो, चुकलं."

पुन्हा तेच. आणखी एकदा तेच. ती स्वतःच्या पायांकडं अशी बघायला लागली, जणू त्यांनी चारचौघांत चहाडी केली होती.

बाईंनी गाणं बंद केलं. "सिस्टर, तुमचं चुकत नाहीये. ही पुरुषाची पावलं आहेत. कुठं शिकलात?"

"नर्सिंगच्या होस्टेलवर," ती हळूच म्हणाली. "सगळ्या मुलीच. मी उंच, म्हणून पुरुष मी."

बाईंना मोठी गंमत वाटली. त्यांनी टँगो लावला आणि सरळ तिच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. तो बाकावर बसला, आणि पुढं जे दिसलं त्यानं त्याचे डोळे पांढरे झाले. कंबरदुखीनं वाकून चालणारी त्याची बायको ताठ उभी होती. एवढ्या कसलेल्या बाईंना ती हॉलभर हवं तसं फिरवत होती, अडवत होती, वळवत होती. हिनं कूस बदलली तरी आपल्याला झोपेतही कळतं, असं त्याला वाटायचं. ही कोण?

धापा टाकत ती शेजारी येऊन बसली.

"कुणाबरोबर नाचायचीस?"

"खोलीतल्या मैत्रिणीबरोबर. रविवारी खाटा भिंतीला लावायचो. टँगोत तिला हसूच आवरायचं नाही."

"आता कुठं असते ती?"

"शेवटच्या वर्षी गेली. वॉर्डातलाच ताप घेऊन आली होती. माझ्या हातांत गेली. नंतर मी कधी नाचले नाही."

"नाव काय तिचं?"

तिनं नाव सांगितलं.

ते त्यांच्या मुलीचं नाव होतं. मुलगी झाली तेव्हा "हे ठेवू या, छान वाटतं," एवढंच ती म्हणाली होती आणि त्यानं हसत मान डोलावली होती. अभ्यासावरून रागावताना, आंघोळीला जाऊन टॉवेल मागताना त्यानं त्या नावानं घर दणाणून सोडलं होतं. त्या प्रत्येक हाकेला ही आतल्या खोलीत काय ऐकत असेल?

त्याला राग आला. पण काढणार कुणावर? त्या मेलेल्या पोरीवर?

"सांगायचं होतंस," तो कसंबसं म्हणाला.

"तुम्ही म्हणाला असतात, दुसरं नाव ठेवू."

त्यानं विचार करून पाहिला. म्हणालाच असता.

बाईंनी पुन्हा वॉल्ट्झ लावला. तो उठला, बायकोसमोर उभा राहिला आणि आपला डावा हात त्यानं, बायका ठेवतात तसा, तिच्या खांद्यावर ठेवला.

"हे काय?" ती म्हणाली.

"मला मागं जायला शिकव."

ती बघतच राहिली. मग तिचा उजवा हात त्याच्या पाठीवर आला, पेशंटला सावरताना असावा तसा पक्का. "उजवा पाय मागं," ती म्हणाली. त्यानं टाकला. पुढं तो चुकला, तिचा पाय तुडवला, पुन्हा मागं गेला.

"मागं भिंत आहे का गं?"

"असू दे. मी बघतेय ना."

पण ती भिंतीकडं बघत नव्हती. त्याच्या खांद्यावरून ती कुठंतरी लांब बघत होती आणि हसत होती. त्यानं मान वळवली नाही. तिचा हात नेईल तिकडं तो पाऊल टाकत राहिला.