साव्नेत

विनीताने फोन कानाशी धरूनच बेडरूमचं दार लावलं. बाहेर जान्हवी पप्पांचे फोटो भिंतीवरून काढून कपाटात भिरकावत होती.

तिचा नवरा प्रफुल्ल जहाजावर इंजिनीअर होता. उत्तर समुद्रातल्या वादळात तो डेकवरून नाहीसा झाला. शोध थांबवल्याचं कंपनीने आज कळवलं, आणि त्याच्या नावापुढे एक नॉर्वेजियन शब्द लिहिला. नागपूरहून सासरे तो गेलाच असं धरून विचारत होते, पुण्यानुमोदन कधी ठेवायचं? विनीताने सरळ फोन लावला तो मारितबाईंना. प्रफुल्लची नॉर्वेतल्या बर्गनला बदली होणार म्हणून नवरा-बायको सिंगापूरच्या बिशान भागातल्या या फ्लॅटमध्ये बसून त्यांच्याकडे ऑनलाइन नॉर्वेजियन शिकत होते.

“साव्नेत म्हणजे मेला का? एवढंच सांगा.”

“नाही. बेपत्ता. ‘साव्ने’ म्हणजे एखाद्याची उणीव भासणं. ज्याची भासते, तो साव्नेत.”

“शब्दाचं काय करू मी? त्यांना म्हणावं, बोटी परत पाठवा!” विनीता किंचाळली.

शिकवण्याच्या सवयीनेच मारितबाई हळूच म्हणाल्या, “‘साव्ने’चं जुनं रूप आहे ‘साक्ना’. त्याचं नातं ‘साक’शी लावतात. साक म्हणजे फिर्याद. तंटा.”

विनीताने फोन ठेवला. मग दार उघडून बाहेर आली.

“ही इज अ लायर, लाह!” पप्पांच्या फोटोकडे बघत जान्हवी इथल्या इंग्रजीत ओरडली.

असं काही म्हटलं की विनीता तिला रोज गप्प करायची. आज ती लेकीशेजारी फरशीवर बसली.

“पप्पांविरुद्ध काय काय तक्रार आहे तुझी? सगळी सांग.”

जान्हवीने संशयाने पाहिलं. “ही प्रॉमिस्ड. माझ्या स्विमिंगला येणार म्हणून. अँड ही नेव्हर... जाताना मला उठवलंसुद्धा नाही गं त्यांनी.”

एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच रडली. विनीताने तिला कुशीत ओढलं. हुंदके ओसरल्यावर जान्हवीने नाक पुसत विचारलं,

“तुझी पण आहे तक्रार?”

“आहे.”

“मग सांग ना त्यांना.”

विनीता मोठ्याने, अगदी समोर उभ्या माणसाशी भांडावं तशी म्हणाली,

“प्रफुल्ल, एवढ्या वादळात तू बाहेर गेलासच कशाला?”