नझीहचा काटा

सनाइया या कारखान्यांच्या वस्तीतल्या गॅरेजवाल्यांना दोन बाबतींत खोटं बोलायची लाज वाटत नाही: गाडी कधी तयार होईल, आणि इंजिनात ताकदीचे घोडे किती भरले. सहाशे घोड्यांचं इंजिन बाहेर पडतं तेव्हा कागदावर आठशे असतात, मजलिसच्या बैठकीत कॉफी येईपर्यंत त्यांचे नऊशे होतात आणि चुलतभाऊ दिसला की पुरते हजार. घोड्यांची अशी वीण उंटांनाही जमलेली नाही.

याला अपवाद एकच, अलेप्पोचा नझीह. त्याच्या गॅरेजात मागच्या बंद खोलीत जमिनीत दोन रोलर बसवले होते. गाडी त्यांवर चढवायची, पट्ट्यांनी आवळून बांधायची आणि इंजिनाला जीव खाऊन पळवायचं. चाकं जागच्या जागी फिरत आणि पडद्यावर ताकदीचा आकडा येई. सगळा बाजार त्याला नझीहचा काटा म्हणे. दुसरीकडे नऊशे सांगितलेली गाडी लोक इथं गुपचूप आणत, साडेसहाशे ऐकून कपाळाला हात लावत आणि रडून झालं की काम तिथंच टाकून जात. सचोटीइतका किफायतशीर धंदा दुसरा नाही, हे नझीहला पक्कं ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात मुसब्बह आपली जुनी चौकोनी जपानी गाडी घेऊन आला. बोलणं नेहमीचंच: नवे टर्बो, नवे पिस्टन आणि हजार घोडे. तल गरून नावाची वाळूची उभी टेकडी त्याला एका दमात चढायची होती. तिच्या पायथ्याशी दर शुक्रवारी दुपारनंतर अर्धा मुलूख गोळा होतो आणि कोणाच्या घरात मर्द आहे ते तिथं ठरतं, असा निदान मर्दांचा समज आहे.

काम निम्मं झालं असताना भर दुपारी काळ्या काचांची एक गाडी गॅरेजसमोर येऊन थांबली. ड्रायव्हर चहाला गेला. मागची काच चार बोटं खाली आली. आत मुसब्बहची आई, उम्म मुसब्बह होती.

"खाला, आत या ना. एसी आहे."

"आत आले तर उम्म मुसब्बह गॅरेजात काय करते, म्हणून सगळी सनाइया येऊन बघेल. इथूनच ऐक. माझ्या भावाचं काय झालं, तुला माहीत आहे."

माहीत सगळ्यांनाच होतं. हारिबमामा तल गरून चढला तो चढतच राहिला. माथ्यावरून गाडीसकट उडाला आणि पलीकडे कोसळला. तेव्हापासून तो पलंगावर पडून टीव्हीवर उंटांच्या शर्यती बघतो.

"मुसब्बहचा पाय मामावर गेलाय," ती म्हणाली. "चढू दे त्याला, मी नको म्हणत नाही. पण वरून उडायला नको. तेवढं तू बघ."

"त्यानं हजार घोडे मागितलेत, खाला."

"मागेल. लहानपणी उंटाचं पिल्लू गादीत घेऊन झोपायचं म्हणायचा. दिलं का मी?"

काच वर गेली. आता यात एक मेख होती. परक्या माणसाच्या दुकानाच्या लायसन्सवर इथल्या माणसाचं नाव लागतं, आणि नझीहच्या लायसन्सवर नाव होतं मुसब्बहच्या वडिलांचं. ते गेल्यावर तिचं लागलं. दर वर्षी ती न विचारता सही करून पाठवी. त्या दुपारी लायसन्सचा तिनं चकार शब्दही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं. नझीहला निदान रागावता आलं असतं. आता दया कुठे संपली आणि मिंधेपणा कुठे सुरू झाला, याचा हिशेब त्याला स्वतःलाच लागेना.

तोलायच्या दिवशी त्यानं मुसब्बहला बाहेर चहाला बसवलं. लॅपटॉपवरून टर्बोचा दाब उतरवला. एवढ्यानं भागत नव्हतं, कारण काटा खरं बोलला असता. पण काट्याला एक दया होती. हवा तापली की विरळ होते आणि इंजिनाला दम कमी पडतो, म्हणून उन्हानं खाल्लेले घोडे यंत्र आपल्या पदरचे जोडून देतं. खोली किती तापली आहे ते त्याला सांगायला भिंतीवर एक थर्मामीटर तारेनं लोंबत असे. नझीहनं तो ओढला आणि तापलेल्या टर्बोच्या कुशीत नेऊन ठेवला.

बीजू नावाचा त्याचा जुना मल्याळी मेकॅनिक पट्टे आवळत होता. सगळ्यांसारखा तोही नझीहला मुअल्लिम, म्हणजे उस्ताद म्हणे. त्यानं पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं, मग भिंतीवरच्या एसीकडे.

"मुअल्लिम, खोलीत नव्वद डिग्री दाखवतंय. बिर्याणी इथंच दमाला लावू का?"

"तू तुझं काम कर."

"करतो की. मला तर डोळेच नाहीत."

आकडा आला हजार आणि वर चार. खरे जेमतेम नऊशे असतील. नझीहचा बाप अलेप्पोत केशर तोलताना श्वास रोखून धरायचा, आपल्या फुंकरीनं पारडं हललं तर पाप लागेल म्हणून. आणि पोरानं काटा मारला होता, तोही अंगठ्यानं नव्हे, अक्कल लावून.

मुसब्बहनं आकडा बघितला, इथल्या रीतीनं आनंदानं नझीहच्या नाकाला नाक भिडवलं आणि पडद्याचा फोटो सगळ्या चुलतभावांना पाठवून दिला.

शुक्रवारी त्यानं नझीहला ओढूनच टेकडीवर नेलं. मुसब्बहची गाडी पहिल्यांदा सुटली तेव्हा लोकांनी कान झाकले. वाळूचा पिसारा फुलवत ती वर, आणखी वर गेली आणि माथा एका गाडीच्या लांबीवर असताना तिचा दम सुटला. चाकं वाळूत रुतली. दुसऱ्यांदा तिथंच. तिसऱ्यांदा त्याच्याही खाली.

"मुसब्बह!" चुलतभाऊ खलफान खालून ओरडला, "घोडे वर पोचलेत, तूच का खाली राहिलास?"

लोक हसले. कोणीतरी भीत भीत म्हणालं, "इंजिनच कमी असेल."

"कमी?" खलफान म्हणाला. "नझीहच्या काट्यावर तोललंय. का हो, मुअल्लिम? हजार ना?"

सगळ्यांचे डोळे नझीहकडे वळले. त्याच्या हातात चहा होता. त्यानं एक घोट घेतला आणि मान डोलावली. काटा मारताना त्यानं निदान आईचं मन राखलं होतं. ही मान मात्र त्यानं फक्त स्वतःसाठी डोलावली.

मग उरलं काय? काटा खोटं बोलत नाही, म्हणजे माणूसच खोटा. नझीहची अख्ख्या जन्माची सचोटी त्या पोराविरुद्ध साक्षीला उभी राहिली होती.

"तू तुझं काम चोख केलंस, मुअल्लिम," परतताना मुसब्बह म्हणाला. "पाय माझाच कच्चा."

पुढच्या आठवड्यात काळ्या काचांची गाडी पुन्हा आली. या वेळी नुसता ड्रायव्हर उतरला आणि गहू-मटण घोटून केलेल्या हरीसचं निळ्या झाकणाचं पातेलं टेबलावर ठेवून गेला. 'अल्ला तुझे हात सलामत ठेवो' असा निरोप होता. वर तूप चमकत होतं. बीजूनं दोन वाट्या खाल्ल्या. नझीहनं चमचा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"गोड लागत नाही का, मुअल्लिम?"

"भूक नाही."

"भूक नसते तेव्हाही माणूस हरीस खातो. तुम्हाला दुसरंच काहीतरी झालंय."

तेवढ्यात मुसब्बह आला. दाढी वाढलेली, नजर जमिनीत.

"गाडीचे कागद तयार कर. खलफान घेतोय. म्हणतो, घोडे उत्तम आहेत, फक्त मालक बदलायला हवा." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "मामाकडे गेलो होतो. माझ्यावर तो कधी रागावत नाही. या वेळीही रागावला नाही. म्हणाला, जाऊ दे पोरा, सगळ्यांना नसतं ते. आणि भिंतीकडे तोंड करून पडला."

नझीह उठला. "विकायच्या आधी एकदा तोलू."

"कशाला? तोललीय की."

"माझ्यासाठी."

गाडी रोलरवर चढली. नझीहनं थर्मामीटर भिंतीवरच्या खिळ्याला लावला आणि मुसब्बहला तिथंच उभं केलं. इंजिन ओरडलं, शांत झालं. पडद्यावर आठशे ब्याण्णव.

"यंत्र बिघडलं?"

"यंत्र ठीक आहे. त्या दिवशी हा थर्मामीटर मी टर्बोपाशी ठेवला होता. इंजिनाचा दाबही मीच उतरवला. तुझा पाय कच्चा नव्हता."

मुसब्बहनं पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "तीनदा," तो म्हणाला. "तीनदा चढलो मी, सगळ्यांसमोर. आणि तू तिथं चहा पीत होतास."

"होय."

"का केलंस?"

खालाचं नाव नझीहच्या जिभेवर आलं. अर्धं पाप तिच्या खात्यावर टाकता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण टर्बोपाशी गेलेला हात तिचा नव्हता.

"भीती वाटली," तो म्हणाला. "तू उडशील म्हणून."

"तू काय माझी आई आहेस?"

मुसब्बहची नजर इकडेतिकडे फिरली आणि टेबलावरच्या पातेल्यावर येऊन थांबली. निळं झाकण, कडेला टवका उडालेला. असं पातेलं अख्ख्या मुलुखात एकाच घरात होतं. तो जवळ गेला, झाकण नीट बसवलं आणि पातेलं उचललं.

"हे मी घरी नेतो," तो म्हणाला. आईचं नाव त्यानंही काढलं नाही. दारात थांबून मात्र वळला. "शुक्रवारी टेकडीवर ये. आत्ता बोललास ते तिथं बोल, सगळ्यांसमोर."

"बोलेन."

"तुझा काटा बुडेल."

"बुडेल."

"आणि माझे हजार पूर्ण भर."

शुक्रवारी नझीह बोलला. चहाच्या गाडीपाशी, गर्दीच्या मधोमध, काही हातचं न राखता. फक्त 'का'चं उत्तर तेवढंच ठेवलं: भीती वाटली. मग खलफानला स्वतःचीच काळजी पडली.

"थांबा, मग माझे अकराशे खरे की तेही असेच?"

"तुझे खरे आहेत."

"याचेही खरेच होते की, आत्ताआत्तापर्यंत!"

गर्दीत प्रत्येक जण मनातल्या मनात आपापले घोडे मोजायला लागला होता.

मुसब्बहनं गाडी सुरू केली तेव्हा नझीह दुसऱ्या बाजूचं दार उघडून आत बसला.

"हे काय?"

"पूर्ण हजार भरलेत. काही झालं तर मीही असेन."

"उतर, मुअल्लिम. घोड्यांवर तुझं वजन कशाला?" मुसब्बहनं आवाज खाली आणला. "या वेळी तरी माझ्यावर सोड."

तो उतरला. गाडी सुटली, वर गेली, दम सुटला होता ती जागा ओलांडून पुढे गेली. माथा जवळ आला आणि नझीहनं डोळे मिटले. बापासारखाच त्याचा श्वास रोखलेला होता. इंजिनाचा आवाज अचानक पडला. डोळे उघडले तेव्हा गाडी टेकडीच्या अगदी धारेवर उभी होती, पुढची चाकं पलीकडे झुकलेली, उंटीण गुडघे टेकून बसावी तशी शांत. नेमक्या क्षणी पाय उचलला गेला होता. खाली लोक नाचायला लागले. नझीह वाळूत बसला. सगळ्या मुलुखाचे घोडे त्यानं तोलले होते. हा पाय तेवढा तोलायचा राहून गेला होता, आणि न तोलताच त्यानं त्याला कमी ठरवलं होतं.

उम्म मुसब्बहनं त्यानंतर त्याच्याशी कधी बोलणं काढलं नाही. वर्ष सरल्यावर लायसन्सचे कागद मात्र ड्रायव्हरबरोबर सहीनिशी आले. सही इतकी दाबून केली होती की कागदाच्या मागच्या बाजूलाही उमटली होती.

काटा बुडाला नाही. गिऱ्हाईकं येतात, पण आत आली की आधी भिंतीपाशी जातात, थर्मामीटर जागेवर आहे ना ते बघतात, कोणी तर बोट लावून बघतं, आणि मगच गाडी चढवू देतात. बीजू गंभीर चेहऱ्यानं त्यांना चष्मा हवा का विचारतो. नझीह बाजूला उभा राहून मुकाट्यानं बघू देतो.

मुसब्बहही येतो. भिंतीकडे तो बघतच नाही. सरळ गाडी चढवतो, किल्ली नझीहच्या हातात देतो आणि बाहेर जाऊन चहाला बसतो. त्यानं एकदा तरी थर्मामीटर बघावा, असं नझीहला दर वेळी वाटतं.