बिनबटणाचे शर्ट

टिक्कन बटण स्टीलच्या वाटीत पडलं आणि नीरजाने मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं. मुक्ता हलली नाही. नीरजाने कात्रीचं टोक पुन्हा शर्टाच्या पट्टीखाली सरकवलं.

समोर मिसळणाचा डबा उघडा होता. हळद-तिखट-मोहरीच्या वाट्यांत आता बटणं होती. एकीत निळी, गडदपासून फिकी होत गेलेली. एकीत लाकडी. एकीत मुक्ताच्या पहिल्या फ्रॉकची, मसुराएवढी. वाटी जराशी हलवली की बटणं सळसळून नीट बसायची, आणि सकाळपासून आवळलेले नीरजाचे खांदे आपोआप खाली यायचे. मुक्ता दुपारची झोपायची तेवढाच काय तो वेळ.

"झाले का सगळे शर्ट बोडके करून?" सासूबाई गाठोड्याचं फडकं घेऊन दारात उभ्या होत्या. "मैना येईल आता. जुने कपडे घेऊन भांडी देते ती बाई, दान नाही मागत. बिनबटणाचे कपडे बघून काय बोलेल ते तूच ऐक."

"ऐकेन."

"आणि माझा डबा मोकळा कर. मसाला प्लॅस्टिकच्या बरणीत आणि बटणं स्टीलमध्ये. आपल्याकडे पद्धतच निराळी."

"डबा नाही मिळायचा, आई."

नीरजाने हे मान वर न करता म्हटलं, पण आवाज खाली केला नाही. वारज्यातल्या या फ्लॅटमध्ये ती लग्न होऊन आली तेव्हा देव कुठे, सोफा कुठे, चहाच्या कपांची तोंडं कुणीकडे, सगळं ठरलेलं होतं. तिच्या लग्नाचा फोटोसुद्धा तिने न निवडलेल्या खिळ्यावर लटकत होता. या वाट्यांत काय कुठे बसेल, ते मात्र तिला कुणी सांगायचं नव्हतं.

तिने पुढचा शर्ट ओढला. पांढरा, अर्ध्या बाह्यांचा, खिशाच्या कोपऱ्यात शाईचा डाग.

आबांचा. त्याच्याखालचाही आबांचाच. दिवाळीत सासरे गेले तेव्हापासून बंद असलेलं त्यांचं कपाट सासूबाईंनी कधी उघडलं, तिला कळलंही नव्हतं.

"तो राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "तो तसाच जाऊ दे."

कात्री थांबली.

"काही ठेवायचं नाहीये मला. उगाच समोर दिसत राहतं."

"तुम्ही नका ठेवू," नीरजा म्हणाली. "मी ठेवते."

"सांगितलं ना, नको म्हणून."

कच्. पहिलं बटण तळहातावर आलं. नीरजाने सासूबाईंकडे पाहिलं, नजर न काढता दुसऱ्या बटणाखाली कात्री घातली. सासूबाई पुढे झाल्या नाहीत. फडक्याची कड बोटाला गुंडाळत, सोडत उभ्या राहिल्या. सगळ्यात खालचं बटण वेगळं निघालं, किंचित मोठं, हिरव्या दोऱ्याने घाईघाईत लावलेलं. ते मात्र नीरजाने दोऱ्यासकट काढलं.

बेल वाजली.

मैनाने दारातच बसकण मारली, शर्ट उजेडात धरला.

"अवो आजी, बटणं कुठं गेली? असला शर्ट कोण घालंल?"

"तू काय घालायला नेतेस? फरशी पुसायलाच विकणार ना?"

"तरी पन. ह्याच्यात हे छोटं पातेलंच बसतंय." मैनाची नजर आत जमिनीवरच्या डब्याकडे गेली. "त्यो डबा टाका वरती. मोठं देते, झाकनासकट."

मोठं पातेलं सासूबाईंना कधीपासून हवं होतं. नीरजाने डब्याचं झाकण लावून डबा मांडीवर घेतला. ओढून घ्यायचा तर घ्या आता.

सासूबाईंनी मोठं पातेलं हातात घेतलं, बोटाने वाजवून पाहिलं आणि परत मैनाच्या पाटीत ठेवलं.

"तो माझा नाही," त्या म्हणाल्या. "तिचा आहे. तिला विचार."

"काय वो ताई?"

"नाही," नीरजा म्हणाली.

"ऐकलंस?" सासूबाई म्हणाल्या. "दे ते छोटं. आणि बूड नीट बघून दे, मागचं डुगडुगत होतं."

मैना कुरकुरत गाठोडं बांधून गेली. सासूबाई नवं पातेलं घेऊन स्वयंपाकघरात शिरल्या. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला.

मुक्ता डोळे चोळत बाहेर आली आणि आईला टेकून बसली. नीरजाने मधली वाटी रिकामी करून त्यात पांढरी बटणं मांडली होती. हिरव्या दोऱ्याचं वरती.

"ही कुणाची?"

"आबांच्या शर्टाची."

"आणि शर्ट?"

"शर्ट गेले."

आत नळ बंद झाला. मुक्ताने हिरव्या दोऱ्याचं बटण उचललं, स्वतःच्या फ्रॉकवर, पोटाशी धरून पाहिलं. मग तिच्या कपाळावर आठी पडली.

"बटणं तर आपल्याकडेच राहिली, आई. आता तिकडे आबा शर्ट कसा घालणार?"