एनिडच्या नावावरचं क्रेडिट

मी चोर नाही, एवढं आधी सांगून टाकतो. मग बाकीचं.

मी विजेचा मीटर आहे. वेल्सच्या ऱ्हॉन्डा खोऱ्यात, खाण कामगारांच्या घरांच्या एका लांबलचक रांगेत शेवटून तिसरं घर आहे. त्या घरात जिन्याखालच्या कपाटात एक्केचाळीस वर्षं मी भिंतीला चिकटून आहे. शेजारी इस्त्रीचं टेबल, बूटपॉलिशचा डबा आणि एक मोडकी छत्री. माझं अंग काळं, पुढे काच, काचेमागे पाच आकडे आणि एक चकती. वीज वाहिली की चकती फिरते, वीज थांबली की थांबते. याहून सरळ काम जगात कुठलं असेल? तरी या घरात सगळ्यात जास्त शिव्या मीच खाल्ल्या.

कारखान्यातून बाहेर पडण्याआधी मला कसून तपासलं होतं. एका युनिटचाही फरक निघाला नाही, तेव्हाच शिशाचं सील ठोकलं. ते सील आजही शाबूत आहे. मला इथे टांगलं त्या वर्षी एनिड प्रॉसर सदतीस वर्षांची होती आणि तिचा नवरा इद्रिस खाणीत कामाला होता.

पुढच्याच वर्षी खाण कामगारांचा मोठा संप झाला. वर्षभर घरात पगार नाही. त्या वर्षी माझी चकती मुंगीच्या पावलांनी फिरायची, कारण एनिड संध्याकाळी एकच दिवा लावायची. पीठ, साखर, चहा सगळं कोपऱ्यावरच्या पार्फिट बाईंच्या दुकानातून क्रेडिटवर यायचं. या खोऱ्यात क्रेडिटवर आणणं म्हणजे दुकानदाराच्या वहीत आपलं नाव चढणं, उधारी. एनिडच्या पिढीला त्या शब्दाचा दुसरा अर्थ कुणी शिकवलाच नाही. संप मिटल्यावर ती उधारी फेडायला एनिडला तीन वर्षं लागली. त्यासाठी ती शाळेच्या फरशा पुसायला जायची. शेवटचे पैसे देऊन घरी आली, तेव्हा माझ्या कपाटाबाहेर उभी राहून इद्रिसला म्हणाली, "मेले तरी पुन्हा कुणाच्या क्रेडिटवर जगणार नाही." मी तिचा आवाज ऐकला होता, म्हणून पुढचं सगळं मला जास्तच लागलं.

तेव्हा माझे दिवस बरे होते. दर तीन महिन्यांनी ग्विन यायचा. इथे माणसाला त्याच्या कामावरून हाक मारायची रीत आहे, म्हणून दाई नावाचा दूधवाला तो 'दाई दूध' आणि हा 'ग्विन मीटर'. त्याचं खरं आडनाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही कोण जाणे. तो गुडघ्यावर बसायचा, काच बाहीने पुसायचा, बॅटरीच्या उजेडात माझे पाच आकडे मोठ्याने वाचायचा आणि मग स्वयंपाकघरात चहा पिता पिता सगळ्या रांगेच्या बातम्या सांगायचा. जेवढी वीज जळली तेवढंच बिल यायचं. भांडण नाही, तंटा नाही.

मग ग्विन निवृत्त झाला, वीज विकणारी कंपनी बदलली आणि मला वाचायला कुणी येईनासं झालं. कंपनीने नवीच टूम काढली. तुम्ही किती वीज जाळाल याचा अंदाज आम्हीच करू, त्याचे बारा समान हप्ते पाडू आणि दर महिन्याच्या एक तारखेला तुमच्या बँकेतून परस्पर काढून घेऊ. अंदाज! अहो, मी इथे खिळ्याला लटकलेलो असताना अंदाज कशाला हवा? समोर जिवंत साक्षीदार बसलाय आणि न्यायाधीश खिडकीबाहेर बघून निकाल देतोय, असला तो कारभार.

इद्रिसची छाती खाणीतल्या धुळीने आधीच पोखरली होती. शेवटच्या चार वर्षांत त्याला रात्रंदिवस ऑक्सिजनचं मशीन लागायचं. मशीनजवळ जाळ नको म्हणून कोळशाची शेगडी बुजवली आणि प्रत्येक खोलीत विजेचा हिटर आला. तेव्हा मी खरोखर धावलो. कंपनीने हप्ता महिना एकशे चौसष्ट पौंडांवर नेला. तो तेव्हा बरोबरच होता, मी उगाच खोटं बोलणार नाही.

गेल्या मार्चमध्ये इद्रिस गेला. दुसऱ्या आठवड्यात मशीन परत नेलं. माझी चकती एकदम मंदावली. हे कंपनीला कुणी कळवलं नाही आणि कंपनीनेही विचारलं नाही. एकशे चौसष्ट पौंड मात्र एक तारखेला न चुकता जात राहिले.

सप्टेंबरात कंपनीतल्या कुणा मुलीने फोन करून मीटरचा आकडा मागितला. एनिड बॅटरी घेऊन आली, चष्मा दोनदा पुसला आणि माझे आकडे सावकाश, एकेक करून सांगितले. किती वर्षांनी कुणी मला वाचत होतं! मला वाटलं, आता सगळं सरळ होईल. कंपनीला कळेल, आपण जास्त घेतोय.

कळलंच. ऑक्टोबरात पत्र आलं. एनिडने ते माझ्या कपाटाबाहेर उभ्याने, मोठ्याने वाचलं. 'तुमच्या खात्यात ६१२ पौंड क्रेडिट आहे. तुम्हाला काहीही करायची गरज नाही.'

ती मटकन जिन्याच्या पायरीवर बसली. सहाशे बारा पौंडांची उधारी! इद्रिसच्या मशीनचं राहिलं असणार, असं ती स्वतःशीच पुटपुटली. आणि 'काही करायची गरज नाही' हे वाक्य तर तिला टोमण्यासारखं लागलं. गरिबाशी इतक्या गोडीने बोलणारा माणूस पुढे काय करतो, हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं.

तिने पत्र बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि डबा माझ्या शेजारी इस्त्रीच्या टेबलामागे लपवला. त्या दिवसापासून हिटर बंद. आधी निजायच्या खोलीतला, मग बैठकीतला. घरात कोट, डोक्याला लोकरीची टोपी. दुपारी सूपचा डबा तसाच थंड. मी ओरडून सांगत होतो की बाई, हे पैसे तुझे आहेत. पण माझं ओरडणं म्हणजे एक बारीक घरघर, ती कुणाला कळणार?

आणि आता ऐका या व्यवहारातली खरी गंमत. तिने जितकी वीज वाचवली तितकं क्रेडिट वाढलं. आता दर महिन्याला आकडा मागणारा फोन यायचा आणि एनिड तो इमानाने सांगायची. हप्ता तोच, खर्च नाही, मग वाढणारच. नोव्हेंबरच्या पत्रात सातशे बेचाळीस! तिने कपाटाचं दार उघडलं आणि माझ्या तोंडावर म्हणाली, "चोर आहेस तू." चाळीस वर्षं एक युनिट इकडचं तिकडे न करता हे ऐकायचं. सील लावून देतात, पण तोंड देत नाहीत.

त्याच दिवशी तिने कंपनीला फोन लावला. फोनचं टेबल माझ्या कपाटाला लागूनच आहे आणि ऐकू कमी येतं म्हणून ती स्पीकरवर बोलते. कॅलम नावाचा कुणी होता. ओळख ना पाळख, थेट 'एनिड' म्हणायला लागला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला!

आमच्याकडे माणूस आधी माफी मागतो आणि मग बोलतो. एनिड तर दोनदा मागते.

"माफ करा हं, तुमचा वेळ घेतेय. मी क्रेडिटमध्ये आहे ना, त्याबद्दल फार लाज वाटते."

"छे छे, क्रेडिटमध्ये आहात म्हणजे उत्तमच की, एनिड. खात्यावरच राहू द्यायचं का?"

"राहू द्याल? फार उपकार होतील. आणि मी महिन्याला थोडे जास्त दिले तर चालतील का?"

"का नाही? वीस पौंड वाढवू?"

"वाढवा. माफ करा हं."

"आणखी काही मदत करू, एनिड?"

नको म्हणाली ती. आभारही मानले. त्या दीडशहाण्याला एवढा प्रश्न पडला नाही, की जिचे सातशे पौंड आपल्याकडे पडून आहेत ती बाई आपल्यालाच आणखी वीस का देतेय? लाज कसली वाटतेय तिला? पण त्याच्यासमोरच्या कागदावर विचारायचे प्रश्न लिहिलेले असणार आणि हा त्यात नसणार. माझी चकती त्या दिवशी रागाने थरथरली, असं म्हणालो असतो. पण वीजच वापरात नव्हती, ती हलणार कशी?

नाताळच्या आठवड्यात कंपनीचं रंगीत पत्र आलं. तुमच्यासारख्या घरांपेक्षा तुम्ही निम्मी वीज वापरता, शाब्बास! वर हसऱ्या बल्बचं चित्र. गारठ्यात बोटं सुजलेल्या बाईला शाबासकी. ते चित्र काढणाऱ्याला एक आठवडा माझ्या कपाटात आणून ठेवायला हवं होतं.

नाताळला एनिड इद्रिसच्या बहिणीकडे, रोनवेनकडे स्वान्सीला जायची. या वेळी गेली नाही, सर्दी आहे म्हणाली. खरं तर बसभाड्याचेही पैसे तिला उधारीत घालायचे होते. सर्दी छातीत उतरली. रात्री तिचा खोकला जिन्यावरून खाली यायचा आणि मला वाटायचं इद्रिसच खोकतोय. जानेवारीत पत्र आलं, एक हजार पन्नास पौंड. ते तिने उघडलं, घडी घालून डब्यात टाकलं आणि बराच वेळ डब्यावर हात ठेवून उभी राहिली. या बाईला मी संपात रडताना पाहिलं नव्हतं, इद्रिस गेला तेव्हाही नाही. तेव्हा पाहिलं.

चौथ्या दिवशी रोनवेन न सांगता आली. फोनवर खोकला ऐकून तिला राहवेना. रोनवेनच्या जिभेला हाड नाही. दारातूनच म्हणाली, "खाटकाचं दुकान काढलंयस का? मांस टिकेल इतकं गार आहे इथं." तिला वाटलं फ्यूज गेलाय, म्हणून तिने माझं कपाट उघडलं, चाचपडली आणि डबा खणकन खाली पडला. पत्रं बाहेर.

"एनिड, हे काय आहे?"

"ठेव ते तिथं. माझं कर्ज आहे, मी फेडीन."

"कसलं कर्ज? इथं क्रेडिट लिहिलंय."

"मला वाचता येतं, रोनवेन."

रोनवेनने पत्रं पुन्हा वाचली, एकामागून एक. मग एनिडच्या कोटाकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं आणि हळूच पायरीवर बसली. एरवी खोऱ्याच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाणारा तिचा आवाज एकदम खाली आला.

"अगं बाई, पार्फिटच्या वहीत आपलं नाव होतं. इथं कंपनीचं नाव तुझ्या वहीत आहे. उधारी त्यांची आहे. हे हजार पौंड तुझे आहेत."

एनिडला पटेना. तो मुलगा म्हणाला ना राहू द्या म्हणून? मग रोनवेनने तिच्याकडून फोनवरचं सगळं बोलणं शब्दन् शब्द वदवून घेतलं. सांगता सांगता एनिडच 'उत्तमच की'पाशी अडखळली.  मग तिने टोपी काढली, केस नीट केले आणि फोन उचलला.

या वेळी कुणी बाई होती. तिनेही 'एनिड' म्हटलं.

"मिसेस प्रॉसर म्हणा," एनिड म्हणाली. माफी मागितली नाही. माझे पैसे परत हवेत, एवढंच म्हणाली.

त्या बाईने मीटरचा आकडा मागितला. एनिडने गुडघे टेकून मला वाचलं. बाई म्हणाली, दहा दिवस लागतील, पण पुढच्या हिवाळ्यासाठी हे पैसे इथेच ठेवलेले बरे, नाही का?

"हा हिवाळा मी कोट घालून काढला," एनिड म्हणाली. "ऐका. संपात पार्फिट बाईंचं देणं झालं होतं. तीन वर्षांत फेडलं. त्या तीन वर्षांत एकदाही त्यांना माझ्या दारात येऊन मागावं लागलं नाही. तुमच्याकडे मला मागावं लागतंय."

 पलीकडून वाट बघताना वाजवतात ते संगीत सुरू झालं.

नवव्या दिवशी पैसे बँकेत आले. एनिडने परस्पर काढायचे हप्ते बंद करून टाकले. आता ती दर महिन्याला स्वतःहून मला वाचते, आकडा कळवते आणि जळलेल्या विजेचेच पैसे देते. कंपनीला ते फारसं रुचलेलं नाही. पुढच्या मंगळवारी माणूस येणार आहे, मला काढून नवा मीटर बसवायला, जो आपले आकडे स्वतःच कळवतो म्हणे. कळवेल बापडा. आकडे मीही खरेच दिले होते. प्रश्न ते वाचणाऱ्याचा होता.

तुमच्याही घरात असाच कुणी दाराआड लटकलेला असेल. महिन्यातून एकदा त्याच्याकडे बघत जा. आणि तुमच्या म्हाताऱ्या माणसांची पत्रं त्यांच्याबरोबर बसून वाचा.

आज बैठकीतला हिटर चालू आहे आणि मी भरभर फिरतोय. एनिड मात्र जिना चढताना अर्ध्यावर थांबते, कठड्याला धरते आणि श्वास परत मिळाला की पुढे जाते. डॉक्टर म्हणाले, डावं फुप्फुस आता पूर्वीसारखं व्हायचं नाही. कंपनीकडून एक हजार पन्नास पौंड आले, हिशोब मिटला, असं पत्रही आलं. ऑक्टोबर ते जानेवारी या बाईने जी वीज वापरली, ती मी युनिटन् युनिट सांगू शकतो. जी वापरली नाही, ती मोजायची सोय माझ्यात कुणी केलेली नाही.